बार्सिलोनात रविवार राखून ठेवा

बार्सिलोनाचा कार्यक्रम आखताना बहुतेक जण रविवार टाळतात. दुकानं बंद, ला बोकेरियाची प्रसिद्ध मंडई बंद, बरीच उपाहारगृहंही दुपारनंतर बंद. मग तो दिवस विमानात किंवा रेल्वेत घालवायचा, असा हिशेब होतो. माझं सांगणं नेमकं उलट आहे. हाताशी तीन दिवस असतील तर त्यातला एक रविवारच असू द्या आणि त्या दिवशी वास्तुकार गाउदीच्या इमारतींपुढे रांग लावू नका. सग्रादा फामिलिया या चर्चचं बांधकाम 1882 पासून चालू आहे, ते सोमवारीही तिथंच असेल. पण गावातली माणसं चौकात येऊन हातात हात घालून नाचतात, केकचा खोका दोरीला धरून आजीकडे जेवायला निघतात, जुन्या पुस्तकांच्या ढिगात तासभर हरवतात, ते पाहायला मिळतं रविवारीच.

निघण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. बार्सिलोना ही कातालुन्याची राजधानी आहे आणि कातालान ही स्पॅनिशची बोली नाही. लॅटिनपासून निघालेली ती स्वतंत्र भाषा आहे. फ्रँकोच्या हुकूमशाहीत, म्हणजे 1939 पासून 1975 पर्यंत, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांतून तिला हद्दपार केलेलं होतं. आपल्या भाषेचं राज्य व्हावं म्हणून ज्याच्या घरातल्या माणसांनी मोर्चे काढले, त्या मराठी वाचकाला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. म्हणून दुकानात शिरताना स्पॅनिश ‘ओला’ऐवजी ‘बॉन दिआ’ म्हणा, काही मागताना ‘सिस्प्लाउ’ आणि निघताना ‘ग्रासिअस, आदेउ’. उच्चार चुकला तरी चालेल. समोरच्याचा चेहरा बदललेला दिसतो.

सकाळी हॉटेलातला नाश्ता घेऊ नका. कोपऱ्यावरच्या बेकरीत किंवा साध्या बारमध्ये जा आणि ‘पा आम तुमाकेत’ मागा. पा म्हणजे पाव. आपला ‘पाव’ पोर्तुगिजांच्या ‘पाओ’वरून आला, कातालानांचा ‘पा’ही त्याच लॅटिन मुळाचा, त्यामुळे हा शब्द तरी तुम्हाला पाठ करावा लागणार नाही. पदार्थ म्हणाल तर काहीच नाही : जाड कवचाच्या गावठी पावाची भाजलेली फोड, तिच्यावर टोमॅटो आडवा कापून घासायचा, मीठ, आणि वरून ऑलिव्हचं तेल. कुणी आधी लसणाची पाकळी फिरवतात. टोमॅटोच्या चकत्या ठेवायच्या नाहीत आणि चटणीही करायची नाही. फक्त रस आणि गर पावात मुरवायचा. त्यासाठी खास रसाळ टोमॅटो पिकवतात. आपण लसणाच्या माळा टांगतो तसे ते दोरीत ओवून टांगतात आणि हिवाळाभर वापरतात. काही ठिकाणी पाव, टोमॅटो आणि तेलाची बाटली वेगवेगळी आणून देतात, अशा वेळी घासायचं काम तुमचं. टोमॅटो दाबून घासा, साल हातात उरली की झालं. हा पदार्थ शाकाहारी आहे, पोटभर आहे आणि दिवसभर कुठेही मिळतो. शाकाहारी प्रवाशानं तो आपला हक्काचा आधार समजावा.

खाऊन झालं की सान्त आन्तोनीच्या बाजारात जा. मेट्रोच्या जांभळ्या मार्गावर याच नावाचं स्थानक आहे. लोखंडी खांबांची ही मंडई 1882 सालची, तिचं दीर्घ नूतनीकरण 2018 मध्ये संपलं. रविवारी आतले भाजी-मासळीचे गाळे बंद असतात, पण बाहेरच्या बाजूला छपराखाली जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. पुस्तकं, कॉमिक्स, पोस्टाची तिकिटं, सिनेमाची जुनी पोस्टरं, आणि एका बाजूला फुटबॉलपटूंची चित्रं अदलाबदल करणारी मुलं, त्यांच्या पाठीशी तितक्याच उत्साहानं यादी तपासणारे वडील. भाषा येत नसली तरी इथं घासाघीस न करता नुसतं चाळत राहायला कुणी हरकत घेत नाही. दुपारी दोनच्या सुमारास आवराआवर होते, म्हणून हे सकाळीच. पुस्तकांवर या लोकांचं किती प्रेम आहे ते पाहायचं असेल तर 23 एप्रिलला, सान्त जोर्दीच्या दिवशी या. त्या दिवशी शहरभर पुस्तकं आणि गुलाब विकायला रस्त्यावर मांडलेले असतात आणि माणसं एकमेकांना तेच भेट देतात. युनेस्कोनं 1995 मध्ये जागतिक पुस्तक दिनासाठी हीच तारीख निवडली.

तिथून जुन्या शहरातल्या कॅथेड्रलपर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. साधारण अकराच्या सुमारास कॅथेड्रलसमोरच्या फरसबंद चौकात ‘सार्दाना’ हा रिंगणातला नाच सुरू होतो. तो बहुतेक रविवारी असतो, पण ऑगस्टच्या सुट्टीत किंवा पावसात नसतोही, म्हणून आदल्या दिवशी पर्यटन कार्यालयात विचारून घ्या.

पायऱ्यांवर वादकांचा ताफा बसतो, त्याला ‘कोब्ला’ म्हणतात. वादक अकरा, वाद्यं बारा. हिशेब जुळतो कारण पुढे बसलेला एक जण डाव्या हातानं ‘फ्लाबिओल’ नावाची छोटी बासरी वाजवतो आणि उजव्या हातानं दंडाला बांधलेली टीचभर ढोलकी. सुरुवात त्याचीच. मग ‘तेनोरा’ घुसते. हे लांब लाकडी वाद्य आपल्या सनईच्या जवळचं, जिभाळीवर वाजणारं, आणि आवाज तसाच भरदार. लग्नघरात सनई ऐकत वाढलेल्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटतो. तेनोराला आणि सार्दानाला आजचं रूप देण्यात पेप व्हेंतुरा या संगीतकाराचा मोठा वाटा. 1817 मध्ये तो जन्मला तो कातालुन्यात नव्हे, दूर दक्षिणेला आंदालुसियात. ज्या नाचाला कातालान लोक आपली ओळख मानतात, त्याला घडवणारा बाहेरून आलेला होता, हे इथले जाणकार आवर्जून सांगतात.

पर्स आणि पिशव्या रिंगणाच्या मध्ये ढीग करून ठेवायच्या, हात धरून वर उचलायचे आणि पावलं मोजायची. बाहेरून हा नाच फार सोपा दिसतो. प्रत्यक्षात आखूड आणि लांब पावलांचं गणित असतं आणि नाचणारे मनातल्या मनात अंक मोजत असतात, म्हणून चेहरे गंभीर. तुम्हालाही रिंगणात शिरता येतं, त्यासाठी ना तिकीट, ना कुणाचं आमंत्रण. दोन पथ्यं पाळा. पुरुष आणि त्याच्या उजव्या हाताची जोडीदारीण यांच्यामध्ये घुसू नका, जोडी फुटते. आणि पावलं येत नसतील तर बूट-मोजे तपासून, फीत बांधून जमलेल्या पट्टीच्या नाचणाऱ्यांचं रिंगण सोडून नवशिक्यांचं रिंगण शोधा. तिथली एखादी आजी तुमचा हात धरून पावलं मोजून दाखवते. फोटो काढायचे तर एकाच गाण्यापुरते काढा, पुढच्या गाण्याला फोन खिशात ठेवा.

एप्रिलच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतच्या काळात गेलात तर सार्दानाऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, ‘कास्तेल’ पाहायला मिळू शकतात. कास्तेल म्हणजे मानवी मनोरे. ही परंपरा वाल्स या गावातली, युनेस्कोनं 2010 मध्ये तिला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. रविवारी दुपारी बाराच्या आसपास कुठल्या ना कुठल्या गावाच्या किंवा वस्तीच्या चौकात पथकं जमतात. बार्सिलोनाची ग्रामदेवता मेर्से, तिच्या उत्सवात, 24 सप्टेंबरच्या आगेमागे, नगरपालिकेसमोरच्या सान्त जाउमे चौकात मोठे मनोरे लागतात.

मराठी माणसाला इथं दहीहंडी आठवणारच, आणि आठवावी. पण फरकाकडे नीट लक्ष द्या, खरी मजा त्यात आहे. वर हंडी नाही. सगळ्यात वर चढणारं मूल, त्याला ‘एन्शानेता’ म्हणतात, टोकावर पोचल्यावर एक हात उंच करतं आणि दुसऱ्या बाजूनं उतरू लागतं. मनोरा लागला एवढ्यानं काम झालेलं नसतं. तो एकेक थर उतरवून, कुणी न पडता मोकळा केला तरच तो पूर्ण मानतात; लावून कोसळला तर मान कमी. टाळ्या वर हात गेल्यावर पडतात, पण पथकातली माणसं रडत एकमेकांना मिठ्या मारतात ती शेवटचा माणूस खाली आल्यावर. चार माणसांचे आठ थर असतील तर त्याला ‘चाराचा आठ’ अशा अर्थाचं नाव, आणि सर्वांत मातब्बर पथकांनी दहा थर लावले आहेत. खाली शेकडो माणसांचा घट्ट वेढा असतो, तो ‘पिन्या’. त्यांना मान वर करून बघता येत नाही. वर काय चाललंय ते त्यांना कळतं सुरांवरून : ‘ग्राल्या’ नावाची सनईसारखी वाद्यं ठरावीक थर चढल्यावर वाजू लागतात आणि मूल कुठवर पोचलं ते सूर सांगतात. कमरेला गुंडाळलेला काळा लांब पट्टा पाठ सांभाळतो आणि वर चढणाऱ्याला पाय ठेवायला आधार देतो. वरच्या मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण असतं.

पाहताना बोलू नका, फ्लॅश वापरू नका. मनोरा चढत असताना चौकात हजारो माणसं असूनही कुजबूज थांबते. तुम्ही पिन्याच्या अगदी जवळ उभे असाल तर पुढच्याच्या पाठीवर हात ठेवून रेटायला सांगतील. सांगितलं तर रेटा. चष्मा आधी काढून ठेवा.

नाच असो की मनोरे, दुपारी एक वाजतो तोवर भूक लागलेली असते आणि कातालानांची जेवणाची वेळ झालेली नसते. ही पोकळी ते ‘व्हेर्मूत’नं भरतात. सुगंधी वनस्पती मुरवलेली तांबूस वाइन, त्यात बर्फ, संत्र्याची फोड, एक ऑलिव्ह. पण ‘व्हेर्मूत करणं’ म्हणजे पिणं नव्हे, जेवणाआधी मित्रांसोबत तासभर बसणं. मद्य घेत नसाल तर ‘मोस्तो’ मागा, तो द्राक्षाचा रस असतो. सोबत ऑलिव्ह, बटाट्याचे वेफर, मासे खाणाऱ्यांसाठी शिंपल्या आणि व्हिनेगरमधले अँचोव्ही. इथं पोट भरू नका. आणखी एक इशारा बार्सेलोनेता या कोळीवाड्याच्या ‘बोंबा’विषयी. तळलेला गोल गोळा, आत बटाटा, वरून तिखटसर सॉस. पाहताक्षणी बटाटेवडा वाटतो. एका बारमध्ये मीही तसंच समजून पहिला घास घेतला. आत खिमा होता. शाकाहारी असाल तर त्याऐवजी ‘पातातेस ब्राव्हेस’, म्हणजे झणझणीत सॉस घातलेले तळलेले बटाटे मागा.

जेवण दोन वाजता, आणि घाईनं उरकायचं नाही. आठवड्याच्या दिवशी ‘मेनू देल दिआ’ मिळतो : पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, गोड, पाव आणि पेय, सगळं एका ठरलेल्या दरात. रविवारी तो बहुतेक ठिकाणी नसतो किंवा महाग असतो, आणि टेबलं कुटुंबांनी भरलेली असतात. म्हणून जागा आधी राखून ठेवा. ला रांब्ला या रुंद पर्यटनरस्त्यावर जेवू नका. जिथं फळ्यावर फक्त कातालानमध्ये लिहिलंय आणि आत आजी-आजोबा-नातवंडं बसलीत, अशी जागा शोधा. पायेया मागायचा मोह टाळा. तो शेजारच्या व्हालेन्सियाचा, आणि बार्सिलोनाच्या साध्या खानावळींत तो गुरुवारी करायची रीत आहे. पाणी विकत घ्यायची गरज नाही : 2022 च्या कायद्यानुसार मागितल्यास स्पेनमधल्या उपाहारगृहांना नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं.

कातालान स्वयंपाकाची गुरुकिल्ली समजली की मेनू वाचणं सोपं जातं. सुरुवात ‘सोफ्रेजित’नं : ऑलिव्हच्या तेलात कांदा मंद आचेवर अगदी तांबूस होईपर्यंत परतायचा, मग टोमॅटो. इथवर आपलीच गृहिणी. फरक वाटणात आहे. आपण वाटण आधी परततो, ते शेवटी घालतात. खलबत्त्यात बदाम किंवा हेझलनट, लसूण, तळलेला पाव, अजमोद्यासारखी पार्सली, कधी केशर, हे कुटून केलेली ‘पिकादा’ रस्सा उकळून होत आला की घालतात. त्यानं तो दाटही होतो आणि वासही मोकळा राहतो. बदामाचं दूध, सुकामेवा घालायची सवय जुनी, चौदाव्या शतकातल्या ‘सेंत सोव्ही’ या कातालान पाककृतींच्या हस्तलिखितातही ती दिसते. तिखट मात्र शोधू नका. मिरची इथं चवीची मालकीण नाही, आणि मसाल्याची पुडी काढून ताटावर भुरभुरवलीत तर पिकादाची चव कधीच कळणार नाही.

मांसाहारी असाल तर मासे-बटाट्याचा रस्सा ‘सुकेत’, माकलीच्या शाईनं काळा झालेला भात, मशरूम घातलेला गोमांसाचा ‘फ्रिकान्दो’, किंवा कोंबडी आणि कोळंबी एकाच भांड्यात शिजवलेला ‘डोंगर-समुद्र’ प्रकार घ्या. गोमांस किंवा डुकराचं मांस चालत नसेल तर आधी विचारा. इथल्या स्वयंपाकात डुकराचं मांस सर्वत्र आहे, ‘बोतिफारा’ ही सॉसेज तर घरोघरची.

शाकाहाऱ्यांनी अधिक सावध राहावं, पण उपाशी राहायचं कारण नाही. ‘एस्कालिवादा’ मागा. नावातच राखेत भाजण्याचा अर्थ आहे : वांगी, लाल ढोबळी मिरची आणि कांदा विस्तवावर भाजून, सोलून, लांब पट्ट्या काढून त्यावर तेल आणि मीठ. भरीत न ठेचता ठेवलं तर जसं लागेल तसं. कधी वर अँचोव्ही ठेवतात, ते नको म्हणून सांगा. बेदाणे आणि चिलगोजासारख्या पाइनच्या बिया घालून परतलेला पालक इथं फार सुंदर करतात, पण त्यात हॅमचे तुकडे असू शकतात. पांढऱ्या शेंगदाण्याएवढ्या घेवड्याच्या डाळीत डुकराची चरबी असू शकते. साध्या हिरव्या कोशिंबिरीवर न सांगता टुना येतो. भाज्यांचा भात माशांच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. ‘शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही, पदार्थ मोजून सांगा : ‘सेन्सा कार्न, नि पेश, नि पर्निल, नि तुन्यिना’, म्हणजे मांस, मासे, हॅम आणि टुना यांच्याशिवाय. हे वाक्य कागदावर लिहून जवळ ठेवा. जैन असाल तर कांदा-लसूण टाळणं इथं खरंच अवघड आहे. मग फळं, पाव, चीज, बदाम हे सोबत बाळगलेलं बरं.

हिवाळ्यात, जानेवारी ते मार्चमध्ये, गेलात तर हे सगळं बाजूला ठेवून ‘काल्सोतादा’ला जा. काल्सोत हे लांब पांढऱ्या देठाचे कांदे. पातीच्या कांद्याला माती चढवत नेऊन देठ लांबवतात. द्राक्षवेलीच्या काटक्यांच्या जाळावर ते बाहेरून काळे होईपर्यंत भाजतात, वर्तमानपत्रात गुंडाळून मुरवतात आणि कौलावर वाढतात. गळ्यात फडकं बांधायचं, काळी साल एका ओढीत काढायची, बदाम आणि वाळवलेल्या लाल मिरचीच्या दाट सॉसमध्ये बुडवायचं, मान मागे टाकून सोडायचं तोंडात. हुरडा पार्टी ज्यानं केली आहे त्याला शेतावर, धुरात, काळ्या हातांनी खाण्याचं हे सुख नव्यानं शिकवावं लागत नाही. मुख्य उत्सव वाल्समध्येच, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी. कांदा आणि सॉस दोन्ही शाकाहारी, त्यानंतर येणारा पदार्थ मात्र मांसाचा.

गोडात ‘मेल इ मातो’ घ्या. मीठ न घातलेलं ताजं पांढरं चीज आणि वर मध. ताज्या छन्न्यासारखं लागतं. ‘क्रेमा कातालाना’त अंडं असतं, वरची साखर जाळून केलेली काच चमच्यानं फोडायची.

जेवणानंतर बोर्न वस्तीतल्या सांता मारिया देल मार या चर्चमध्ये जा. 1329 ते 1383, अवघ्या चोपन्न वर्षांत हे उभं राहिलं, म्हणून आतून ते एकाच हातानं काढल्यासारखं दिसतं. मोंजुइकच्या खाणीतले दगड बंदरावरच्या हमालांनी पाठीवर वाहून आणले. त्या हमालांच्या ब्राँझच्या लहान आकृती मुख्य दारावर आहेत. आत शिरण्याआधी त्या बघा. राजाच्या नव्हे, बंदरावर राबणाऱ्यांच्या कष्टाचं हे देऊळ आहे. खांदे झाकलेले असू द्या, आणि प्रार्थना चालू असेल तर मागे बसून राहा.

पाचच्या पुढे ‘बेरेनार’, म्हणजे आपली चहाची वेळ. पेत्रित्शोल या अरुंद गल्लीत घट्ट चॉकलेटची जुनी दुकानं आहेत. ‘सुइस’ मागितलंत की चमचा उभा राहील असं चॉकलेट आणि वर साय फेटून केलेलं शुभ्र क्रीम येतं, बुडवायला मऊ बिस्किटं. एका कपात दोघांचं भागतं. उन्हाळ्यात यातली काही दुकानं बंद असतात.

संध्याकाळ पालाउ दे ला मुझिका कातालानासाठी ठेवा. युइस दोमेनेक इ मुन्तानेर या वास्तुकारानं 1905 ते 1908 दरम्यान हे सभागृह बांधलं, ते एका गायनमंडळासाठी, 1891 मध्ये स्थापन झालेल्या ओर्फेओ कातालासाठी. छतातून रंगीत काचेचा घुमट उलटा खाली उतरतो. म्हणून रात्रीपेक्षा संध्याकाळचा लवकरचा कार्यक्रम निवडा. जूनमध्ये तिथं नवानंतर अंधार पडतो, आणि काचेतून आलेला उजेड गाण्यासोबत हळूहळू विझताना दिसतो. याच सभागृहात 1960 मध्ये, फ्रँकोच्या राजवटीत, श्रोत्यांनी उठून बंदी घातलेलं कातालान ध्वजगीत म्हटलं होतं आणि त्यापायी माणसं तुरुंगात गेली. महागडं तिकीट घ्यायची गरज नाही, वरच्या सज्जातून घुमट अधिक जवळ दिसतो.

खिसेकापूंपासून जुन्या शहरात दिवसभर सावध राहा, पाकीट पुढच्या खिशात आणि फोन टेबलावर कधीच नको. मेट्रोचं दहा फेऱ्यांचं ‘टी-काझ्वाल’ तिकीट एकाच माणसासाठी चालतं, दोघांनी मिळून वापरू नका. रात्रीचं जेवण नवानंतर, आणि हलकंच : बटाट्याचं जाड ऑम्लेट, अंडं चालत नसेल तर पुन्हा पा आम तुमाकेत. रविवारी रात्री उघडी असलेली जागा सकाळीच हेरून ठेवा. मेट्रो शनिवारी रात्रभर चालते, पण रविवारी ती मध्यरात्री बारा वाजता बंद होते.